करंजाच्या पानावरची धूळ: घराजवळची हवा कशी वाचायची आणि झाडांचं कुंपण कुठे घालायचं

डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी रस्त्याकडेच्या करंजाचं पान हातात धरा आणि ओल्या बोटाने त्यावर रेघ ओढा. रेघेच्या जागी हिरवंगार, चकचकीत पान उघडं पडतं, दोन्ही बाजूंना राखाडी थर तसाच राहतो आणि बोटाला काळपट गंधासारखं काहीतरी लागतं. पाऊस थांबल्यापासून त्या पानाने हवेतून जमवलेलं ते सगळं आहे, आणि त्याच हवेत आपण श्वास घेतोय.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, प्रदूषण शोषणारी झाडं सांगा ना, सोसायटीत लावायची आहेत." मी लगेच यादी देत नाही. आधी आहेत त्या झाडांची पानं बघा, धूळ कुठून येते आणि कुठपर्यंत पोचते ते शोधा, मग खड्डे खणा, असं सांगते. हा लेख त्याच क्रमाने आहे. ज्यांनी यातलं काहीच कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. अमेरिकेतल्या झाडांनी २०१० या एका वर्षात हवेतून सुमारे १ कोटी ७४ लाख टन प्रदूषकं काढून घेतली, असा तिथल्या वनखात्याच्या संशोधकांचा अंदाज आहे. आकडा प्रचंड वाटतो. पण त्याच अभ्यासाप्रमाणे हवेत त्यामुळे झालेली सुधारणा सरासरी एक टक्क्याहूनही कमी होती. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, जाळलेला कचरा हे जिथे तयार होतं तिथेच थांबवावं लागतं, त्याला झाडं हा पर्याय नाही. तरी मी झाडांच्या मागे लागते, कारण सरासरी शहराची असते आणि आपण श्वास एका ठरावीक जागी घेतो. धुराची तीव्रता रस्त्याच्या कडेला सर्वात जास्त असते आणि काही मीटर आत गेलं की झपाट्याने उतरते. त्या मोजक्या मीटरांत दाट पानांची भिंत उभी केली, तर बाकावर बसलेल्या आजोबांना फरक पडू शकतो. ती भिंत नेमकी कुठे हवी, ते आधीपासून उभी असलेली पानं सांगतात.

पहिली पायरी: जागा तीन, जात एक

एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो. रस्त्यावरच्या पानावर किती धूळ आणि आतल्या पानावर किती, यातला फरक खरा कामाचा. म्हणून तीन जागा निवडा. पहिली रस्त्याच्या अगदी कडेची, गेटजवळ किंवा कंपाउंडच्या भिंतीलगत. दुसरी जिथे माणसं खरोखर वेळ घालवतात ती: मुलांची घसरगुंडी, ज्येष्ठांचा कट्टा, तळमजल्याची खिडकी. तिसरी वाहनांपासून लांबची, तुलनेसाठी. पुण्यात आम्ही वेताळ टेकडीवर आतल्या बाजूला जातो. तुमच्या गावात एखादी मोठी बाग किंवा कॉलेजचं आवार चालेल.

तिन्ही ठिकाणी झाड मात्र एकाच जातीचं हवं. सागाचं पान खरखरीत, त्यावर धूळ चिकटून बसते. पिंपळाचं पान गुळगुळीत आणि लांब देठावर सतत सळसळणारं, त्यावरची बरीच धूळ झटकली जाते. ही दोन झाडं शेजारी शेजारी असली तरी त्यांची तुलना होऊ शकत नाही. मी करंज सुचवते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत रस्त्याकडेला तो लावलेला आहे, फांद्या हाताला येतात आणि पर्णिका, म्हणजे त्याच्या संयुक्त पानातली एकेक सुटी पानं, मोठ्या, सपाट असतात. आंबाही चालतो.

पान साधारण दीड मीटर उंचीवरचं घ्या, म्हणजे मोठ्या माणसाच्या नाकाच्या पातळीचं. जमलं तर मीटरभर उंचीवरचंही घ्या. बाबागाडीतल्या बाळाचं नाक त्या पातळीला असतं आणि गाड्यांचे धुराडेही त्याच्या जवळपासच असतात.

दुसरी पायरी: पान पुसून तारीख लिहा

पावसाळ्यात हे काम करू नका. एक सर आली की पान धुऊन निघतं आणि महिनाभराची जमा शून्यावर येते. पाऊस पुरता थांबला की, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटापासून, सुरुवात करा. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि धूळ-धूर खालीच कोंडतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वात महत्त्वाचे. फाल्गुन-चैत्रात करंजाची पानगळ होते आणि कोवळी पालवी येते. तेव्हा जुन्या आणि नव्या पानांची तुलना करू नका.

प्रत्येक जागी वीस-पंचवीस पूर्ण वाढलेल्या पर्णिका निवडा. कोवळ्या, पोपटी नकोत आणि कीड लागलेल्याही नकोत. ओल्या कापसाने दोन्ही बाजू हळूच स्वच्छ पुसा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि वहीत तारीख लिहा. आता ती पानं पंधरा दिवस तशीच राहू द्या. मध्ये पाऊस पडला किंवा माळ्याने पाइपने झाडं धुतली, तर पुन्हा पहिल्यापासून. माळीकाकांना आधीच सांगून ठेवा, एरवी चांगल्या मनानेच ते तुमचा प्रयोग धुऊन टाकतील.

तिसरी पायरी: सेलोटेपची पट्टी

वजनकाटा नसेल तर काम इथेच पूर्ण होतं, आणि मला विचाराल तर लोकांना पटवायला हाच पुरावा सर्वात चांगला. पारदर्शक सेलोटेपचा बोटभर तुकडा पानाच्या वरच्या बाजूवर दाबा, अंगठ्याने एकदाच सारखा करा, अलगद उचला आणि पांढऱ्या जाड कागदावर चिकटवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी यासाठी उत्तम. शेजारी जागा, तारीख, उंची लिहा. प्रत्येक जागेच्या पाच पट्ट्या एकाखाली एक लावल्या की कुठलाही आकडा न सांगता फरक दिसतो. रस्त्याकडची पट्टी मळकट तपकिरी, टेकडीवरची जवळपास कोरी.

मग दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पट्टी उन्हात धरा. बारीक चमकणारे कण म्हणजे वाळू आणि दगडाचा चुरा. पिवळसर गोल ठिपके बहुधा परागकण. काळे, लांबट, चिवट दिसणारे तुकडे टायरच्या झिजेचे असू शकतात. कापडाचे धागे असतात, किड्यांचे पंख असतात. मुलं यात तासभर रमतात, आणि घरी गेल्यावर त्यांच्या आई-बाबांना हवेबद्दल जे सांगतात ते माझ्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा परिणामकारक असतं.

काही ठिकाणी धूळ कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवायला सांगतात: कण सरकले म्हणजे ते गाड्यांचे. गाड्यांच्या ब्रेकमधून आणि इंजिनातून लोहाचे चुंबकीय कण येतात हे खरं आहे. पण आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, त्यातही चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिजाचे कण असतात. खडीच्या ढिगाजवळची धूळही चुंबकाकडे धावेल. त्यामुळे पुण्या-नाशकात या प्रयोगावरून गाड्यांना दोष देऊ नका.

चौथी पायरी: वजन करायचं असेल तर

यासाठी मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा लागतो. जवळच्या शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा गाठा, शिक्षक सहसा आनंदाने मदत करतात. बाजारात मिळणारा खिशातला काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच दाखवतो, तो इथे अपुरा आहे.

पर्णिका देठाला धरून कात्रीने कापा आणि कागदी पाकिटात घाला. पृष्ठभागाला बोट लागू देऊ नका. प्रयोगशाळेत मऊ ब्रशने प्रत्येक पर्णिकेच्या दोन्ही बाजू बशीत धुवा, सगळ्या पर्णिका मिळून १०० मिलिलिटर पाण्यात. पाणी डिस्टिल्डच हवं. पहिल्या वर्षी मी नळाचं पाणी वापरलं आणि पंधरा दिवसांची मेहनत वाया घालवली. पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असले, तर १०० मिलिलिटर आटल्यावर २० मिलिग्रॅम पांढरी पूड उरते आणि ती धुळीतच मोजली जाते. बोअरचं पाणी तर याहून जड.

धुतलेलं गढूळ पाणी आधी वजन केलेल्या कोरड्या बीकरमध्ये ओता आणि ओव्हनमध्ये ९० ते ९५ अंशांवर आटवा. उकळू देऊ नका, थेंब बाहेर उडतात. पूर्ण कोरडं झालं, बीकर गार झालं, की पुन्हा वजन करा. साध्या गाळणकागदाने गाळण्याची पद्धतही आहे, पण बारीक कण त्यातून निसटतात, म्हणून मी आटवते. सोबत एका बीकरमध्ये नुसतं १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी आटवून बघा. त्यात काही उरलं तर तेवढं वजा करा.

पानाचं क्षेत्रफळ काढायला आलेख कागद पुरे. पर्णिका ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, आतले चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त आत असलेला चौकोन धरा, कमी असलेला सोडा. समजा रिकाम्या बीकरचं वजन ५८.४१२ ग्रॅम होतं, धुळीसकट ५८.५८६ भरलं. म्हणजे धूळ १७४ मिलिग्रॅम. वीस पर्णिकांचं एका बाजूचं एकूण क्षेत्रफळ ८७० चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलिग्रॅम धूळ. तिन्ही जागांचे आकडे याच पद्धतीने काढा आणि शेजारी शेजारी मांडा.

हा आकडा म्हणजे हवेचा निर्देशांक नव्हे. पानावर वजनाने भरते ती मुख्यतः जाडी धूळ. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनचे कण, ज्यांना बातम्यांमध्ये पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे असतात आणि त्यांचं वजन नगण्य असतं. त्यांच्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अॅप बघा, किंवा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सुरू केलेल्या 'सफर' या हवा-नोंदणी यंत्रणेचे आकडे. आपल्याकडचं पीएम २.५ चं चोवीस तासांचं मानक घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते १५ सुचवलं. पण ही केंद्रं शहरात मोजकी असतात. तुमच्या घसरगुंडीपाशी काय चाललंय ते त्यांना कळत नाही, पानाला कळतं.

पाचवी पायरी: बुंध्यावरचं दगडफूल

गोड्या मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांनी पाहिलंय. ते फूल नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला तो जीव आहे, शास्त्रीय मराठीत शैवाक. त्याला मुळं नाहीत आणि पानांवर असतं तसं मेणाचं आवरणही नाही, त्यामुळे पाणी आणि क्षार तो थेट हवेतून घेतो, आणि हवेतलं विषही. १८६६ मध्ये विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरच्या शैवाकांची नोंद करताना, शहरात इतरत्र ती नाहीशी झाली आहेत हे लिहून ठेवलं. हवा मोजायची यंत्रं तेव्हा नव्हती. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत या विषयावर भरपूर काम झालंय, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे.

पुठ्ठ्यातून १० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच खिडकी कापा आणि आडव्या दोऱ्यांनी तिचे पाच चौकोन करा. जमिनीपासून मीटरभर उंचीपासून वर ती बुंध्याला लावा, चारही दिशांना एकेकदा. किती चौकोनांत शैवाक आहे आणि कोणत्या प्रकारचं, एवढंच लिहा. युरोपात २०१४ पासून याच मापाची प्रमाणित पद्धत वापरतात. प्रकार ओळखायला नावं माहीत असण्याची गरज नाही. खपलीसारखं सालीला घट्ट चिकटलेलं, पानासारखं कडा सुटलेलं, आणि झुडपासारखं बाहेर आलेलं किंवा लोंबणारं, असे तीन गट पुरतात. सर्वसाधारणपणे खपली सर्वात सोशिक आणि झुडपासारखं सर्वात नाजूक. आंब्याच्या बुंध्यावर चपटं, फिकट राखाडी, गोल पसरलेलं दिसतं ते बहुधा पिक्साइन कोकोइस. शहरी हवेत टिकणारं म्हणून ते देशभर अभ्यासलं गेलंय.

दोन चुका टाळा. गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेलं रस्त्याकडेचं झाड यासाठी घेऊ नका. चुन्याखाली शैवाक मरतं आणि सालीची आम्लता बदलते. आणि महाबळेश्वरच्या झाडांवर दाढीसारखं लोंबणारं शैवाक सोलापुरात दिसलं नाही म्हणून सोलापूरच्या हवेला नापास करू नका, तो फरक मुख्यतः ओलाव्याचा आहे. तुलना एकाच शहरातल्या, एकाच जातीच्या, सारख्या सावलीतल्या झाडांची करा. आणि खरवडू नका. यातली बरीचशी वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पट्टी धरून.

पानांवरच्या डागांबद्दलही इथेच सांगते. करंजाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी दिसल्या की लोक मला फोटो पाठवतात, "प्रदूषणाने झालंय ना?" नाही. त्या अतिसूक्ष्म कोळ्यांनी केलेल्या गाठी आहेत, स्वच्छ हवेतल्या करंजावरही असतात. सप्तपर्णीच्या पानांवरच्या गाठीही किडीच्याच. गाड्यांच्या धुरातून उन्हात बनणारा ओझोन वायू ओळखण्यासाठी जगभर तंबाखूची 'बेल डब्ल्यू-३' ही खास जात वापरतात, तिच्या पानांवर ठिपके उमटतात. पण आपल्या बागेतल्या झाडाचे डाग बघून वायूचं नाव सांगायला जाऊ नका. लोहाची कमतरता, क्षारयुक्त पाणी, बुरशी, सगळ्यांचे डाग फसवतात.

सहावी पायरी: कुंपण

आता पट्ट्या समोर ठेवा. रस्त्याकडची काळी आणि कट्ट्यापाशीचीही जवळपास तेवढीच काळी असेल, तर मध्ये काही अडवणारं नाही. कट्ट्यापाशीची फिकी असेल तर तिथे आहे ते तसंच जपा आणि दुसऱ्या जागेकडे वळा. आतलीच पट्टी जास्त मळकट निघाली, तर धूळ रस्त्याची नाहीच. उघडी माती, पार्किंगचा फुफाटा किंवा शेजारचं बांधकाम शोधा.

आमच्या सोसायटीने माझ्या आधीच्या काळात एका ठेकेदाराकडून भिंतीलगत खोट्या अशोकाची रांग लावून घेतली होती. उंच, सरळ, देखणी झाडं. पट्ट्या घेतल्या तेव्हा रांगेच्या बाहेरची आणि आतली यांत डोळ्यांना फरक दिसेना. जमिनीवर बसून पाहिलं तेव्हा कळलं: खालचे चार फूट नुसते बुंधे आणि मध्ये हातभर फटी. गाडीचा धूर नेमका त्याच उंचीवरून आत येत होता. आम्ही झाडं काढली नाहीत. त्यांच्या आणि रस्त्याच्या मध्ये अडुळशाची दुहेरी ओळ घातली.

म्हणून पहिला नियम असा की कुंपण जमिनीपासून भरलेलं हवं, फटीशिवाय, निदान दोन मीटर उंच आणि जमेल तितकं जाड, मीटर-दीड मीटर असेल तर उत्तम. झाडं दोन ओळींत, एकाआड एक, दीड-दीड फुटावर. छाटताना वर निमुळतं आणि खाली रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं आणि पाय उघडे पडत नाहीत.

दुसरा नियम जागेचा. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत, पुण्याच्या पेठांत किंवा गिरगावात, रस्त्यावर छत धरणारी दाट झाडं धूर खालीच कोंडू शकतात. तिथे कमी उंचीचं कुंपण बरं. रुंद, मोकळ्या रस्त्याला मात्र पुढे कुंपण आणि मागे झाडांची रांग अशी जोडी लावा.

तिसरा नियम पानाचा. आपल्याकडे हवा सर्वात वाईट असते हिवाळ्यात, त्यामुळे त्याच दिवसांत पानं टाकणारं झाड या कामाचं नाही. पांगारा, सावर सुंदर आहेत, पक्ष्यांसाठी जरूर लावा, पण इथे नव्हे. कुंपणाला अडुळसा माझा पहिला: बारमाही हिरवा, मोठं पान, शेळ्या तोंड लावत नाहीत, फांदीपासून येतो. कुंती दाट होते आणि छाटणी सोसते. निर्गुडी कमी पाण्यात तगते, पानाच्या खालच्या बाजूला बारीक लव असते. बोगनवेल रस्ता-दुभाजकावर टिकते. कण्हेर टिकते पण सगळे भाग विषारी, मुलं खेळतात तिथे नको. मागच्या रांगेला बकुळ, करंज, आंबा, जांभूळ. जागा भरपूर असेल तरच वड, उंबर.

कोनोकार्पस नर्सरीवाले आग्रहाने देतील, लवकर वाढतो म्हणून. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. हिवाळ्यात त्याचे परागकण उडतात आणि मुळं नळ-गटारांत शिरतात. सप्तपर्णी आपली आहे, वाईट नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरातला तिचा उग्र वास दम्याच्या माणसाला सोसवत नाही. शयनघराच्या खिडकीखाली तिची रांग नको. निलगिरी तर हवेत स्वतःच असे वायू सोडते की उन्हात गाड्यांच्या धुराशी मिळून त्यांतून ओझोन बनतो.

'एपीटीआय'च्या, म्हणजे झाडांच्या प्रदूषण-सहनशीलतेच्या निर्देशांकाच्या याद्याही तुमच्या हाती पडतील. सिंग आणि राव यांनी १९८३ मध्ये मांडलेला हा निर्देशांक पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, रसाची आम्लता आणि पाण्याचं प्रमाण यांवरून काढतात. तो झाड प्रदूषण किती सोसतं ते सांगतो, किती अडवतं ते नाही. यादीत वर असलेलं झाड रस्त्याकडे जगेल, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जून-जुलैत. भिंतीच्या बाहेर, पदपथावर लावायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. मोठ्या झाडाच्या फांद्या छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात आपल्या आवारातली झाडंही येतात.

धूळ पानावर बसली, पुढे काय?

याचा विचार फार थोडे लोक करतात. पानावरची धूळ वाऱ्याने उडते किंवा खाली पडते. खाली फरशी असेल तर झाडूबरोबर पुन्हा हवेत जाते. खाली पालापाचोळ्याने झाकलेली ओलसर माती असेल तर तिथेच मुरते. म्हणून कुंपणाखाली फरसबंदी करू नका, पडलेली पानं तिथेच पसरू द्या. कोरड्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा पहाटे पाइपने पानं धुवा, पान पुन्हा धूळ धरायला मोकळं होतं (प्रयोगाची दोरा बांधलेली पानं सोडून). सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी मुळांना द्या, पण फवारू नका. त्याचे तुषार श्वासात जायला नकोत.

आणि पाला जाळू नका, कुणाला जाळू देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला आहे. वर्षभर पानांनी अडवलेली धूळ एका शेकोटीत पुन्हा आपल्या नाकात जाते. मला याचा खरोखर त्रास होतो. सकाळी सहाला झाडून गोळा केलेला ढीग पेटलेला दिसला की मी थांबते आणि बोलते.

रस्त्याकडेच्या कुंपणात कढीपत्ता, शेवगा लावायचा मोह होतो. पानावर काय बसतं ते पाहिल्यावर तो तुम्हाला होणार नाही. खायची झाडं इमारतीच्या मागच्या बाजूला लावा.

घरातल्या कुंड्यांबद्दल थोडक्यात. १९८९ च्या नासाच्या प्रयोगाचा दाखला देऊन स्नेक प्लांट, मनी प्लांट विकले जातात. तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाला होता. नंतर संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की खिडक्या-दारांतून होणाऱ्या साध्या हवाबदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटर जमिनीला १० ते १,००० रोपं लागतील. कुंड्या आनंदासाठी ठेवा. हवेसाठी, रस्त्यावरची वर्दळ कमी असेल तेव्हा खिडकी उघडा आणि फोडणी करताना एक्झॉस्ट लावा.

पुन्हा मोजणी

कुंपण दोन मीटरचं व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर दर हिवाळ्यात त्याच फांद्या, त्याच उंचीवर, पंधरा दिवस. आता मोजणीत चौथी जागा येते: कुंपणाची आतली बाजू. बाहेरची आणि आतली पट्टी एकाच कागदावर शेजारी लावा आणि नोटीस बोर्डावर टाचा. देखभालीच्या खर्चावर सभेत वाद झाला की तो कागद उपयोगी पडतो.

शेजारच्या बांधकामाशी बोलतानाही तोच कागद न्या. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले: भोवती उंच पत्रे, कापडाचं आच्छादन, पाण्याची फवारणी. तुमच्या शहरात काय लागू आहे ते वॉर्ड ऑफिसात विचारा आणि तारखा घातलेल्या पट्ट्या अर्जाला जोडा. वहीत एक गोष्ट मात्र न विसरता लिहीत जा: शेवटचा पाऊस कोणत्या दिवशी पडला. ती तारीख नसेल तर पुढच्या वर्षीच्या पट्टीशी या वर्षीची लावून बघता येणार नाही.